औषधानं न मरणारे ढेकूण

लातूरच्या क्लासेसच्या भागात मी कित्येक वर्षं पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणारा माणूस म्हणून वावरलो. मला फिल्टर दुरुस्त करता येत नाही. एकदा एका बाईंनी जिन्यातच गाठून घरात नेलं, "आमच्या फिल्टरमधून पाणी थेंब थेंब येतंय, जरा बघा" म्हणाल्या, तेव्हा मी झाकण उघडून गंभीर चेहऱ्यानं आत डोकावलो आणि "पार्ट मागवावा लागेल" असं सांगून सटकलो. माझा खरा धंदा ढेकूण मारण्याचा. पण हॉस्टेलच्या दारात ढेकूण मारणारा माणूस दिसला की दुसऱ्या दिवसापासून पालकांचे फोन सुरू होतात. म्हणून मालक मंडळी आधीच बजावून ठेवायची, पंप पिशवीत घालून आणा, गाडीवर नाव नको, कुणी विचारलं तर फिल्टरवाला म्हणा.

या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "सणासुदीच्या अंकात ढेकणं? लोक चिवड्याच्या बशीशेजारी ठेवून वाचतेत ते." तिचं बरोबर आहे, पण माझ्याजवळ दुसरं काही नाही. गुडघे गेले, पलंगाखाली शिरणं जमेना, तसं काम सोडलं. अंगाला मुरलेला औषधाचा वास गेला की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण मला तो कधीच येत नव्हता.

ढेकूण घाणीतून होतो, हा लोकांचा पहिला गैरसमज. ढेकणाला घाणीशी काही देणंघेणं नाही. त्याला माणूस लागतो. दिवसा तो पलंगाच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, स्विचबोर्डाच्या मागं, कधी जाड पुस्तकाच्या बांधणीत दडून बसतो. खोलीत शिरलो की मी आधी चादरीचा कोपरा उचलून बघायचो. तिथं शाई शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले की पुढचं सांगावं लागत नसे. हा प्राणी स्वतःच्या पायांनी फार लांब जात नाही. त्याला माणूस नेतो, आणि लातुरात तर त्याच्या प्रवासाची सोय उत्तम होती. दर उन्हाळ्यात जुनी मुलं परीक्षा देऊन गावी जातात आणि गाद्या मागं टाकून जातात, कारण गादी एसटीत घालून कोण नेणार? नवी मुलं यायच्या आत त्या गाद्या या हॉस्टेलातून त्या हॉस्टेलात फिरतात. एखादं हॉस्टेल बंद पडलं की त्याच्या गाद्या टेम्पोत भरून निरनिराळ्या ठिकाणी जातात. वर नवी खोळ चढवली की गादी नवी. आतला ऐवज जुनाच असतो.

आणि हा ऐवज वर्षागणिक चिवट होत गेला. मी धंद्यात आलो तेव्हा एका फवाऱ्यात काम व्हायचं. काही वर्षांनी ढेकूण पाठीवर पडून पाय हलवायचे, गिऱ्हाईक खूश व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच ढेकूण उठून कामाला लागायचे. पुढं पुढं तर ते पडायचेही नाहीत. लोक म्हणायचे, "काका, ढेकणाला औषधाची सवय लागली." सवय मला तंबाखूची लागली, ती माझ्यापाशीच राहिली, माझा मुलगा काही तंबाखू मळत जन्माला आला नाही. ढेकणाचा मामला वेगळा आहे. औषध मारलं की खोलीतले बहुतेक मरतात, पण एखाद-दुसरा जन्मतःच निराळा असतो. कुणाची कातडी जाड, कुणाला विष जिरवायची ताकद जास्त, कुणाच्या नसांत औषध जिथं जाऊन बसायला हवं तिथं ते बसतच नाही. तो उरतो. मग खोलीत जी पिल्लं होतात ती त्याचीच. पुढच्या वेळी मालक म्हणतो तेच औषध मारा, मागच्या वेळी गुण आला होता. पुन्हा कमजोर मरतात आणि चिवट उरतात. ज्वारीचं चांगलं कणीस बियाण्यासाठी बाजूला काढतात, तसा आपण दर फवाऱ्याला दणकट ढेकूण बाजूला काढून ठेवतो.

वरून लोकांच्या आवडीनिवडी. औषधाला वास आला नाही तर ते मारलंच नाही असं समजणारे कितीतरी. दोन फवाऱ्यांच्या मध्ये घरच्या घरी बाजारातली बाटली फुसफुसवणारे त्याहून जास्त. अंड्यांवर औषध चालत नाही, पिल्लं बाहेर आली की दुसरा हात मारावाच लागतो, हे घसा कोरडा करून सांगितलं तरी पहिल्या हातानंतर शांत झोप लागली की दुसऱ्या हाताला बोलावायचं कुणी नाव काढत नसे. मग महिन्याभरानं फोन यायचा आणि दोष माझ्यावर. मी रागावणं कधीच सोडून दिलं होतं. त्यालाही ताकद लागते.

नांदेडला स्टेशनजवळ एक लॉज होता. त्याच्या मालकानं एकदा मला बोलावलं आणि टेबलावर कपाशीवर मारायच्या औषधाचा डबा ठेवला. "तुमचं औषध ऱ्हाऊ द्या. हे मारा. ह्यानं बोंडअळी मरते, ढेकूण काय चीज हाय?"

मी म्हणालो, "बोंडअळी बी आता ऐकंना झालीय, शेतकऱ्याला विचारून बघा. आणि मालक, कपाशी दार लावून खोलीत झोपत नाही. तुमचं गिऱ्हाईक झोपतं."

त्याला राग आला. शेताचं औषध बंद खोलीत मारणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ, हे मी परोपरीनं सांगितलं. तो म्हणाला, "लई शिकवून ऱ्हायले तुम्ही." मी पंप उचलून निघून आलो. नंतर त्यानं दुसऱ्या कुणाकडून काय करून घेतलं मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही याचीच अजून रुखरुख वाटते.

पण ज्या प्रकरणानंतर मला खरोखर थकवा आला ते महानंदा अक्कांच्या हॉस्टेलचं. अक्का उदगीरकडच्या. यजमान गेल्यावर त्यांनी घराच्या वरच्या मजल्यावर मुली ठेवायला सुरुवात केली. कपाळावर भस्म, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि जिभेवर कसलाच लगाम नाही. पानात भात टाकून उठणाऱ्या मुलीला त्या हात धरून परत बसवायच्या. बोर्डाची परीक्षा उरकली होती, नीटची परीक्षा पुढ्यात होती, लातूर तापायला लागलं होतं, तेव्हा त्यांचा फोन आला.

"अण्णा, बेजार झाले बघा. किनवटकडची एक पोरगी हाय, तिनं वाकळ भरून ढेकणं आणलेत जंगलातून. सगळ्या पोरी बोंबलून राहिल्यात."

वनिता तिचं नाव. किनवटच्या पुढं जंगलाला लागून तिची वाडी. आश्रमशाळेत शिकून, दिवाळीनंतर उशिरानं लातूरला आलेली. येताना तिनं आईनं शिवलेली वाकळ आणली होती, आणि ढेकूण पहिल्यांदा दिसले ते त्याच वाकळेच्या घडीत. एवढं पुरे होतं. मी गेलो तेव्हा इतर मुलींनी तिचा पलंग खोलीबाहेर, जिन्याच्या वळणावर काढला होता. वाकळ गच्चीवर टाकून दिली होती. ती मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली, आणि त्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातलेला. हातावरचे चट्टे कुणाला दिसू नयेत म्हणून, हे मला लगेच कळलं.

मी काम केलं. सगळे पलंग उलटे करून सांधे फवारले. ठरल्याप्रमाणे पुन्हा येऊन दुसरा हात मारला. काही फरक पडला नाही. तिसऱ्यांदा आलो तेव्हा अक्कांनी दारातच अडवलं. "औषधात पाणी घालून ऱ्हायले की काय?" आतून एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "अक्का, ती इथं आहे तोवर काही उपयोग नाही. ती गेल्याशिवाय ढेकूण जायचे नाहीत." जिन्याच्या वळणावरून ते स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणणाऱ्या मुलीलाही ते माहीत होतं.

मी पंप भरत असताना वनिता जवळ आली. हळू आवाजात तिनं विचारलं, "काका, तुमचं औषध चांगलं हाय का?"

"चांगलंच आहे की."

"मंग हे काहून मरंनात?"

मी नेहमीचं पुराण सांगायला लागलो. चिवट उरतात, त्यांची पिल्लं होतात वगैरे. तिनं मध्येच थांबवलं. "ते मला मालूम हाय. आमच्या पुस्तकात हाय ते. पण काका, आमच्या घरी तं कोणी फवारतच न्हाई. ढेकणं झाली की आई खाटेवर कढत पाणी टाकते. मागच्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच बाजारातून बाटली आणली, साधीच, आन् एकाच हातात सगळे मेले. आमच्या घरचे असते तं तुमच्या औषधानं मेले नसते का?"

मी पंप खाली ठेवला. इतकी वर्षं मी ही गोष्ट गिऱ्हाइकांना समजावत होतो, पण तिचा असा उपयोग करता येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जिथं औषध कधी पोचलं नाही तिथले ढेकूण औषधाला लगेच मरतात. जे मरत नाहीत ते पिढ्यान्‌पिढ्या फवारा खात आलेल्या जागेतले असणार. जंगलालगतच्या घरातले नव्हेत, याच गल्ल्यांतले.

मी अक्कांना विचारलं, या पोरीला गादी कुठली दिली होती. दिवाळीच्या सुमाराला मागच्या गल्लीतलं एक हॉस्टेल बंद पडलं, तिथल्या गाद्या अक्कांनी घेतल्या होत्या. नवी खोळ शिवून त्यातली एक वनिताला, बाकीच्या इतरांना. मी तिची गादी गच्चीवर नेली आणि ब्लेडनं कडेची शिवण उसवली. आत ढेकणांच्या कातींचा नुसता भुसा होता. ढेकूण वाढताना कात टाकतो. एवढा भुसा साचायला किती काळ गेला असेल ते मी अक्कांना सांगितलं. त्यांनी पदर नाकाला लावला, पण हट्ट सोडला नाही.

"तिचे ढेकणं शिरले असतील की गादीत. तुम्ही म्हनून राहिलात म्हनून मी कसं मानू? इकडं पोरींचे बाप फोनवर फोन करून राहिलेत. एकीपायी बाकीच्या गेल्या तर मी काय करू? तिच्या आश्रमशाळेत फोन करून मी बापाला निरोप धाडलाय."

"दोन दिवस थांबा," मी म्हणालो. "दाखवून देतो."

दाखवायचं तर औषध न पाहिलेले ढेकूण हवे होते, आणि ते लातुरात मिळणं शक्य नव्हतं. माझी धाकटी बहीण मुखेडजवळच्या खेड्यात राहते. तिच्या सासरी गोठ्याशेजारी एक बाज आहे, सासरे त्या बाजेवर हयात काढून गेले आणि त्यांनी तिला कधी औषधाचा थेंब लागू दिला नाही. मी सकाळच्या एसटीनं गेलो. बहिणीला कारण सांगितल्यावर ती कपाळाला हात लावून हसली. "लोकाचे भाऊ बहिणीला काहीबाही घेऊन येतेत. माझा भाऊ ढेकणं मागायला आलाय. घे बाबा, लागतील तेवढे घे." बाजेच्या सुंभातून चिमट्यानं काढून मी ते गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरले, तोंडाला फडकं बांधलं आणि बाटली शर्टाच्या खिशात ठेवून परत निघालो. एसटीत शेजारी एक गृहस्थ माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले. सगळा रस्ता मी खिशावर हात ठेवून बसलो होतो.

हॉस्टेलवर पोचलो तर जिन्याच्या वळणावर पलंग नव्हता.

"गेली," अक्का म्हणाल्या. "बाप आला, घेऊन गेला. मी जा म्हनलं न्हाई हं अण्णा. मी म्हनलं, परीक्षा होईस्तोवर गावाकडं अभ्यास कर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या बाईला काही बोललो असतो, पण त्यांची नजर माझ्या नजरेला भिडत नव्हती. नीटची परीक्षा तोंडावर आली होती. शेवटची उजळणी आणि सराव परीक्षा चालू होत्या. वाडीवर फोनला रेंज नाही, शंका विचारायला माणूस नाही. त्या पोरीचं वर्ष माझ्यासमोर पाण्यात चाललं होतं, आणि ते एका जुन्या गादीपायी. जाताना तिनं ट्रंक नेली, गच्चीवर फेकलेली वाकळही उचलून नेली.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोग केलाच. दोन काचेच्या बरण्या घेतल्या. कागदाच्या पट्ट्या औषधात बुडवून वाळवल्या, पाण्याचं प्रमाण डब्यावर छापलेलं तेवढंच, आणि दोन्हींत घातल्या. एका बरणीत मुखेडचे ढेकूण सोडले, दुसरीत हॉस्टेलचे. वर मलमलचं फडकं बांधून बरण्या जेवणाच्या टेबलावर ठेवून दिल्या. मुली येताजाता वाकून बघायच्या. दुपारच्या जेवणापर्यंत मुखेडचे सगळे उलटे झाले होते. संध्याकाळी त्यांना काडीनं ढोसलं तरी पाय हलेना. शेजारच्या बरणीतले कागदावर चढत होते, उतरत होते. एक मादी तर त्या औषधाच्या कागदावरच अंडी घालून बसली होती.

मी मुलींना तेवढंच सांगितलं जे वनितानं मला सांगितलं होतं, आणि तिनंच सांगितलं हेही सांगितलं. गच्चीवरची उसवलेली गादी दाखवली. मग त्यांच्या स्वतःच्या गाद्या उसवल्या, त्यांतही तेच निघालं. ती मोठ्या आवाजाची मुलगी बरणीवर वाकली. मग म्हणाली, "हा धडा मला तोंडपाठ आहे. टेस्टला आला होता. मी बरोबर लिहून आले." आणि तिला रडू फुटलं. कुणी तिची समजूत काढली नाही.

 अक्कांनी माझ्याकडून सगळ्या गाद्या फाडून घेतल्या. कुणी उचलून नेऊन पुन्हा वापरू नयेत म्हणून मोकळ्या जागेत नेऊन जाळायला लावल्या, आणि जळून राख होईपर्यंत तिथं उभ्या राहिल्या. मी वेगळ्या जातीचं औषध, फटींत भरायची पावडर आणि वाफेचं यंत्र, असं सगळं वापरून एकेक खोली साफ काढली. तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यांचा फोन. "अण्णा, नांदेडहून किनवटची गाडी कधी असते?"

मी म्हणालो, माणूस पाठवून निरोप द्या.

"निरोप काय द्यायचा? मी काढलंय तिला. मीच आणते. तुम्ही सोबत चला."

लातूर ते नांदेड एसटी, नांदेडहून रेल्वे, किनवटला रात्रीचा मुक्काम आणि सकाळी जीप. अक्का नांदेडच्या पलीकडं कधी गेल्या नव्हत्या. भोकर मागं पडल्यावर दोन्ही अंगांना झाडी लागली तेव्हा त्या खिडकीतून बघत म्हणाल्या, "केवढ्या लांबून येऊन शिकून राहिली होती की ही." 

वाडी म्हणजे कुडाच्या भिंतींची दहा-बारा घरं. अंगणात वनिताचे वडील दोरी वळत बसले होते. आम्हाला बघून उठले, काही न विचारता आमच्यापुढं पाणी ठेवलं. वनिता भिंतीला टेकून वाचत होती. तिनं अक्कांना पाहिलं आणि पुस्तक मिटलं, जागची मात्र हलली नाही.

आत चुलीपाशी वनिताची आई बसली होती, तिच्याकडं बघत अक्का अंगणात उभ्याउभ्याच बोलल्या. "बाई, ढेकणं माझ्या गादीत होते. तुझ्या लेकीचा काही कसूर न्हाई. मी चुकले. पोरीला घेऊन जायला आलेय. परीक्षेपर्यंत माझ्या स्वतःच्या खोलीत ठेवते."

आई चुलीजवळून उठून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं जागरण होतं. "ढेकणं आमच्यात नसतेत असं न्हाई, बाई. खोटं काहून बोलू? पण मरत होते. लेकरू परत आलं तेव्हापासून हे नवेच निघाले. बाटली मारली तं पडतेत, आन् घडीभरानं उठून चालतेत."

मी आत गेलो. खाटेच्या सुंभाच्या गाठीतून एक काढला आणि माझ्याजवळच्या औषधाच्या कागदावर ठेवला. वास्तविक त्याची गरज नव्हती. तो चालत चालत कागदाच्या दुसऱ्या कडेला आला. ट्रंकेच्या बिजागरीत होते, कुडाच्या फटींत शिरले होते. ज्या घरात एका बाटलीपलीकडं फवारा ठाऊक नव्हता तिथं आमच्या लातूरनं कित्येक वर्षं निवडून निवडून तयार केलेलं बियाणं येऊन पोचलं होतं. मला तिथं जमिनीवर बसावंसं वाटलं, आणि मी बसलो.

इथं औषधाचा उपयोग नव्हता. मी सगळ्यांना तेच करायला सांगितलं जे ही माणसं पूर्वीपासून करत आली होती. मोठ्या पातेल्यात पाणी कढवायचं, कपडे त्यात बुडवायचे, खाटा अंगणात काढून त्यांच्यावर ओतायचं, भिंतींच्या फटी ओल्या मातीनं लिंपून बंद करायच्या. अक्कांनी किल्ल्यांचा जुडगा पिशवीत टाकला, पदर खोचला आणि तांब्या हातात घेतला. वनिताच्या आईनं आधी नको नको म्हटलं, मग बाजूला सरून जागा दिली. दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसून गाठ गाठ भिजवत होत्या. कढत पाण्यानं अक्कांचे हात लाल झाले होते. ट्रंक आम्ही उघडी करून वाफेवर धरली. दुपार कलली तेव्हा ते घर झालं.

नांदेडला जाणारी गाडी गाठायची तर निघायला हवं होतं. जीपवाला घाई करत होता. अक्का वनिताला म्हणाल्या, "चल बाळ. पुस्तकं घे, बाकी काही नको. उद्यापासून क्लासला जायचं हाय."

वनिता जागची हलेना. तिला यायचं नव्हतं असं नाही. पुस्तकांची पिशवी तिनं केव्हाच भरून दारात ठेवली होती.

"काय झालं? माझा राग गेला न्हाई का?"

"राग न्हाई, अक्का." तिनं शेजारच्या घराकडं बघितलं. तिथं तिची चुलतबहीण बाळंतपणाला आली होती. लेकराखाली मऊ घालायला म्हणून वनिताच्या आईनं लातूरहून परत आलेली ती वाकळ तिला दिली होती, आणि सकाळपासून त्या तान्ह्या पोराचं रडं आम्ही सगळे ऐकत होतो. बाळंतीण दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून तिला काय वाटतंय ते कळत होतं. पोरगी शहरात शिकायला गेली आणि हे घेऊन आली.

"तिथं मी आणले न्हवते," वनिता म्हणाली. "इथं मीच आणलेत."

 अक्कांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी जीपवाल्याला जा म्हणून सांगितलं. मग त्यांनी चुलीवर पुन्हा पातेलं चढवलं आणि दारातल्या बाळंतिणीला म्हणाल्या, "ते लेकरू दे माझ्याजवळ, आन् ती वाकळ दे." वाकळ पाण्यात बुडाली. आम्ही शेजारचं घर काढलं, मग त्याच्या पुढचं. वनिता आमच्याबरोबर लातूरला आली ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं, सगळ्या घरांतल्या खाटा कढत पाण्याखालून निघाल्यावर.